हात टेकायची जागा

कृष्णनाथ मेस्ताकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं तेव्हा त्याचा कान आमच्या शाळेच्या पेटीला चिकटलेला होता.

१९८६ सालच्या डिसेंबरातली गोष्ट. मुळगावच्या शाळेत मला लागून सहाच महिने झाले होते. दुसऱ्या दिवशी स्नेहसंमेलन होतं, आणि पेटीची एक पट्टी दाबली की स्वराबरोबर आत माशी अडकल्यासारखी गुणगुण यायची. हेडमास्तरांनी बाबली शिपायाला पाठवून कृष्णनाथ च्यारीला बोलावून घेतलं. सुतारकाम करणाऱ्याला आमच्याकडे मेस्त म्हणतात. बत्तिशीतला, उंच, खांद्यात किंचित वाकलेला माणूस आला, चपला दाराबाहेर काढल्या, पोरांना गप्प राहायला सांगितलं आणि पेटीच्या लाकडाला कान लावून एकेक पट्टी दाबत गेला. तेरावी की चौदावी पट्टी आली तेव्हा त्याने डोळे उघडले. वरची फळी काढली, आतली पितळेची पत्ती सैल केली, खिशातल्या जुन्या पोस्टकार्डाचा कोपरा फाडून तिच्याखालून फिरवला. गुणगुण थांबली.

एवढ्यावर तो गेला असता तर कदाचित मी त्याला विसरले असते. पण जाताना त्याने पेटीचं झाकण उचलून उजेडात धरलं. त्यावर पंधरा-वीस वर्षांतल्या मुलांनी कर्कटकाने नावं कोरली होती. कोणी सांगितलेलं नसताना तो झाकण घरी घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता परत आणून दिलं. त्यात आता आपलं तोंड दिसत होतं. हेडमास्तर खूश झाले. बाबली शिपाई तेवढा झाकणाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "म्हजें नांव आशिल्लें थंय." तो त्याच शाळेत चौथीपर्यंत शिकला होता. आम्ही सगळे हसलो, कृष्णनाथही हसला.

कृष्णनाथचा खरा धंदा देवळांचा होता. पालख्या, मखरं, आबदागिरीच्या काठ्या, गाभाऱ्याचे दरवाजे. पेट्या तो आवडीने दुरुस्त करायचा, कारण सप्ताहात तो स्वतः पेटी वाजवायला बसे. त्याच्या कारखान्यात मी पुढे कितीदा तरी गेले. कारखाना म्हणजे घराला लागून काढलेली कौलारू पडवी. तिथे जुनी पालखी यायची ती काळी पडलेली, तेलाने चिकट झालेली, कोपरे झिजलेले. जाताना ती अशी जायची की भटजींनाही तिला हात लावायला संकोच वाटावा. देवळाच्या कामाचा हा नेमच आहे. झिजलेलं, चिरलेलं, डागाळलेलं देवाला चालत नाही. जीर्ण झालं की ते नवं करायचं. कृष्णनाथच्या वडिलांनी तेच केलं, आजोबांनी तेच. जुन्याची खूण मागे राहिली तर तो कामातला उणेपणा.

त्याचा एकच जिवलग मित्र होता, नार्व्याचा गुरुदास. गुरुदास नार्वे ते दिवाडी फेरीबोटीवर खलाशी होता. बुटका, गोल चेहऱ्याचा, बोलका. दिवाडीचा मिंगेल नावाचा एक म्हातारा पूर्वी लग्नाच्या बँडमध्ये गिटार वाजवायचा. बोटं आखडली तेव्हा त्याने ती गिटार १९७९ साली गुरुदासला दिली आणि पुढची दोन वर्षं फेरीच्या धक्क्यावर बसून शिकवलीही. ही गिटार आपण आज पोरांच्या हातात बघतो तशी नव्हती. तिची वरची पाटी सपाट नव्हती, व्हायोलिनच्या पाटीसारखी कोरून फुगीर केलेली होती. मधोमध गोल भोक नव्हतं, दोन बाजूंना दोन वळणदार फटी होत्या. तारांखालची घोडी पाटीला चिकटवलेली नव्हती. नुसत्या तारांच्या दाबावर ती जागेवर उभी राहायची. कृष्णनाथला या घोडीचं फार नवल वाटायचं. सरस नाही, खिळा नाही, असं तो भेटेल त्याला सांगायचा.

सप्ताहात कृष्णनाथची पेटी आणि शेजारी गुरुदासची गिटार. सुरुवातीला भजनी मंडळातले जाणते नाराज होते. ख्रिस्ती लग्नाला आमच्याकडे काजार म्हणतात, तर गिटारीचा पहिला झंकार झाला की पखवाजवाला म्हणायचा, "हो देवाक काजाराक व्हरतलो." हा देवाला लग्नाला नेणार, असं. गुरुदास मान हलवत वाजवत राहायचा. चार-पाच वर्षांनी अशी वेळ आली की गुरुदासला बोटीवर पाळी असली की मंडळी त्याच्यासाठी भजन अर्धा तास उशिरा सुरू करायची. त्याची वाजवायची पद्धत मला आठवते. तो गिटारीकडे कधी बघायचा नाही. उजवा हात कोपरापासून पाटीवर टाकायचा, जसा आपण शेजाऱ्याच्या कुंपणावर टाकतो, आणि समोर बसलेल्यांची तोंडं बघत वाजवायचा.

२०१३ साली गुरुदास निवृत्त झाला. त्याच वर्षी गिटार बिघडली. मान बुडातून सैल झाली, पाटीखालच्या दोन पट्ट्या सुटल्या, आणि तारांच्या दाबाने फुगीर पाटी घोडीखाली खचली. गुरुदास ती जुन्या चादरीत गुंडाळून मुळगावला घेऊन आला. आता आपल्याला वेळच वेळ आहे, सावकाश कर, असं तो म्हणाला. कृष्णनाथने ती वाशाला टांगली.

ती तिथे नऊ वर्षं राहिली.

यात आळस नव्हता, दुष्टावा तर नव्हताच. त्या वर्षांत जिकडे तिकडे देवळांचे जीर्णोद्धार चालले होते. कुठे कलशारोहण, कुठे नवी पालखी, कुठे रथाची चाकं. आणि प्रत्येक कामाला तिथी ठरलेली. देवाचं काम आधी, हा त्यांच्या घराण्यातला दुसरा नेम. स्वतःच्या घराची गळती खिडकीसुद्धा कृष्णनाथने कितीतरी वर्षं तशीच ठेवली होती. मी एकदा त्याला त्या चादरीबद्दल विचारलं तेव्हा गुरुदास तिथेच बसलेला होता, आणि कृष्णनाथने उत्तर मला न देता त्याला दिलं. "देवाक तारीख आसता, गुरुदासा. मनशाक ना." गुरुदासने ते मानलं. तो दर चतुर्थीनंतर एकदा यायचा, वाशाकडे बघायचा आणि म्हणायचा, "म्हजी बायल कुळारा गेल्या, केन्ना धाडटलो?" बायको माहेरी गेली आहे, कधी पाठवणार, असं विचारायचा. कृष्णनाथ म्हणायचा, पुढल्या महिन्यात. मग दोघं चहा प्यायचे.

सहाव्या वर्षी गुरुदासने विचारलं तेव्हा तो वाशाकडे न बघता चुकीच्या दिशेला बघत होता. हे माझ्या लक्षात आलं होतं. कृष्णनाथच्याही आलं असावं. तरी तो पुढल्या महिन्यातच म्हणाला.

२०२२च्या जानेवारीत गुरुदासची बायको सुमंगला एकटीच मुळगावला आली. मी त्या दिवशी मोडका पोळपाट घेऊन तिथे गेलेली होते, म्हणून मला सगळं ऐकायला मिळालं. ती बसली नाही. उभ्याउभ्याच तिने सांगितलं की साखरेच्या आजाराने त्यांचा एक डोळा गेला, दुसऱ्याला माणूस सावलीसारखा दिसतो, पणजीच्या डॉक्टरांनी तोही जाईल म्हणून सांगितलंय. दिवसभर ते खुर्चीत बसतात. टीव्ही ऐकवत नाही, पेपर वाचता येत नाही. खुर्चीच्या हातावर डाव्या हाताची बोटं दाबत राहतात, आणि कोणी विचारलं तर म्हणतात, काही नाही, मुंग्या येतात. मग ती म्हणाली, "हांव कधींच मागूंक येवंक ना, मेस्त. आतां मागतां. ती दिली जाल्यार ते दीस काडटले." ती हाती आली तर त्यांचे दिवस जातील, असं.

कृष्णनाथ म्हणाला, "दितां, वयनी." ती गेल्यावर तो वाशाखाली गेला आणि मोकळ्या हाताने चादर चाचपू लागला. माझा पोळपाट त्याच्या दुसऱ्या हातातच राहिला होता.

दुसऱ्या दिवशी त्याने आयुष्यात पहिल्यांदा देवाचं काम परत पाठवलं. एका देवळाची लालखी, म्हणजे लहान पालखी, शिगम्याला हवी होती. समितीचे लोक दोनदा येऊन गेले, तिसऱ्यांदा रागावून गेले. त्याचा पुतण्या रुद्रेश, जो त्याच्या हाताखालीच शिकून तयार झाला होता, त्यालाही हे पटलं नाही. एका गिटारीसाठी, असं तो माझ्याकडे म्हणाला.

चार महिने कृष्णनाथने दुसरं काही केलं नाही. बोथट पातं गरम पाण्यात बुडवून बुडवून त्याने पाठीची फळी केसाएवढी केसाएवढी करत उघडली. पाटीखालच्या पट्ट्या सोडवून नव्या सरसाने बसवल्या. खचलेली पाटी वर उचलायला त्याने वाळूची पुरचुंडी तापवून ती आतून ठेवली, रोज थोडी. मान उतरवून तिचा सांधा पुन्हा घडवला. घोडीचे पाय पाटीच्या उतारावर तंतोतंत बसावेत म्हणून पाटीवर पॉलिशपेपर उलटा ठेवून त्यावर घोडी घासत तो दोन दिवस बसला होता. गिटार त्याने आधी कधी उघडली नव्हती, तरी पाटी बोटाने वाजवून, कान लावून तो तिच्याकडून शिकत गेला. इतकं चांगलं काम त्याने कुठल्याही पालखीवर केलं नसेल. मी हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून कोणी त्याला अडाणी समजू नये.

एप्रिलमध्ये मी गेले तेव्हा गिटार टेबलावर आडवी होती, आतलं सगळं काम संपलं होतं. पाटीचा रंग जुन्या मधासारखा. फक्त उजव्या बाजूच्या काठाजवळ, जिथे वाजवणाऱ्याचा हात पडतो, तिथे रंग पार उडून लाकूड उघडं पडलं होतं आणि चौतीस वर्षांच्या घामाने ते करडं झालं होतं. मानेच्या मागेही अंगठ्याच्या जागी लाकूड दबलेलं होतं. स्वरांच्या पितळी पट्ट्यांमध्ये तारांनी खाचा पाडल्या होत्या, आणि त्यांच्यामधल्या लाकडाला बोटांनी लहान लहान खळगे. कृष्णनाथने त्या करड्या जागेवर तळवा ठेवला आणि मला विचारलं, "बाई, हो डाग काडूं?"

तो मला विचारतोय याचंच मला कौतुक वाटलं. मी म्हटलं, काढून टाक, एवढी सुंदर वस्तू आणि तेवढ्यात मळकट दिसतं.

माझं असं म्हणणं नाही की मी नको म्हटलं असतं तर त्याने ऐकलं असतं. नऊ वर्षं त्याच्या मनावर होती. उशीर झाला त्याची भरपाई म्हणून तो गुरुदासला अशी गिटार देणार होता जिच्यावर वयाचा एकही ओरखडा नाही. त्याने पाटी खरवडली, घासली, तीन आठवडे लाखेच्या पॉलिशचे हात दिले. खळगे भरले, पितळी पट्ट्या सगळ्या नव्या घातल्या, मान मागून गुळगुळीत केली. शेवटी ती दुकानाच्या काचेआडून आत्ताच काढल्यासारखी दिसू लागली. रुद्रेशसुद्धा येऊन तिच्यात तोंड बघून गेला, म्हणजे त्यालाही आवडली.

मे महिन्यातल्या एका बुधवारी आम्ही नार्व्याला गेलो. कृष्णनाथने मला सोबत यायला सांगितलं होतं. बसमध्ये त्याने गिटार मांडीवर उभी धरली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. सुमंगलाने चण्याची पातळ भाजी केली होती, उंडे पाव आणून ठेवले होते. गुरुदासला तिने आंघोळ घालून इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्याने साबणाने हात धुऊन घेतले, पुसले, आणि खुर्चीत सरळ होऊन बसला. त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं की तो सकाळपासून असाच बसलेला असणार.

कृष्णनाथने गिटार त्याच्या मांडीवर ठेवली.

गुरुदासचा उजवा हात सवयीने वर गेला आणि पाटीवर टेकला. तिथे तो टिकला नाही. ताज्या पॉलिशवर घामेजलं मनगट आधी सरकलं, मग चिकटलं. त्याने हात उचलला, पुन्हा ठेवला. मग डाव्या हाताने मान धरली, अंगठा मागे फिरवत राहिला. बोटं पट्ट्यांवरून वर गेली, खाली आली, कुठेतरी थांबायचं असल्यासारखी, पण थांबली नाहीत. त्याने एक तार छेडली. आवाज स्वच्छ होता, खणखणीत होता, त्या घराला मोठा होता. एका भजनाची सुरुवात त्याने करून बघितली. दुसऱ्याच ओळीला बोट भलत्या जागी पडलं. पुन्हा केलं, पुन्हा तिथेच चुकलं. ज्या खळग्यांवरून त्याची बोटं न बघता जागा शोधायची, ते खळगे तिथे नव्हते.

तो म्हणाला, "बरी आसा रे. कोणाची ही?"

कृष्णनाथला वाटलं तो थट्टा करतोय. तो हसतच म्हणाला, "तुजीच."

गुरुदासने पाटीच्या काठावरून पुन्हा एकदा तळवा फिरवला, अगदी सावकाश. "म्हज्या गितारीक हांगा हात बसतालो."

खोलीत आम्ही चौघं होतो, आणि त्या वाक्याचा अर्थ चौघांनाही एकाच वेळी कळला. सुमंगला आत गेली. गुरुदास स्वभावाने भला माणूस. त्याने लगेच सावरून घेतलं, आवाज छान आलाय म्हणाला, एवढं काम दुसऱ्या कुणाला जमलं नसतं म्हणाला, सवय होईल म्हणाला. मग गिटार हातांनी पुढे केली आणि सांगितलं की खुंटीला लावून ठेव, खाली पडायला नको. आम्ही उंडे खाल्ले. बोलणं दिवाडीच्या नव्या पुलाचं झालं, डॉक्टरांच्या पुढच्या तारखेचं झालं.

परतीच्या बसमध्ये कृष्णनाथने दोघांची तिकिटं काढली. डिचोलीच्या बसस्टँडवर मुळगावच्या बसची वाट बघत बाकावर बसलो तेव्हा त्याने विचारलं, "बाई, तो डाग कसो आशिल्लो?"

मला आधी कळलं नाही. मग कळलं. त्याने घोडीची उंची लिहून ठेवली होती, मानेचा कल कागदावर उतरवला होता, पाटी कुठे किती जाड ते खडूने मांडलं होतं. त्या एका जागेचं माप मात्र त्याने घेतलं नव्हतं. मी म्हटलं, ओंजळीएवढा असेल. लांबट की गोल, त्याने विचारलं. खालच्या अंगाला रुंद होता की वरच्या? मला सांगता येईना. पस्तीस वर्षं मी मुलांना निरीक्षण शिकवलं, आणि ती जागा मी पुसायला सांगितली होती.

बस लागली तरी तो उठला नाही. समोर बघत म्हणाला, "इतल्यो पालख्यो केल्यो, बाई. देव केन्नाच म्हणूंक ना, ही म्हजी न्हय म्हूण."

मी कंडक्टरला थांबायला हाक मारली.

त्याच वर्षीच्या दिवाळीपर्यंत गुरुदासचा दुसरा डोळाही गेला. गिटार खुंटीला आहे. नदीकाठचं घर, हवेत ओल फार, तारा उतरतात, आणि घोडी चिकटवलेली नसल्यामुळे सरकते. म्हणून कृष्णनाथ जाऊन ती जागेवर आणतो, तारा लावतो. गुरुदास खुर्चीतूनच ऐकतो आणि तिसरी चढली, पाचवी थोडी उतरलीय, असं सांगतो. त्यात दोघांचं एकमत व्हायला कधी कधी तास लागतो. सुमंगलाने मला सांगितलं की तारा लावून झाल्या तरी मेस्त ती लगेच खुंटीला लावत नाहीत. मांडीवर घेऊन, बाही दुमडून, उघडा हात पाटीवर टाकून गप्पा मारत बसतात, आणि बोलता बोलता हात थोडा थोडा हलवत राहतात. गिटार वाजवता त्यांना येत नाही. गुरुदासला ती मांडीवर घेतोस का असं ते अधूनमधून विचारतात. तो म्हणतो, पुढल्या महिन्यात.

गेल्या चतुर्थीला मी कृष्णनाथच्या कारखान्यात जाऊन आले. पालख्यांची कामं आता रुद्रेश बघतो, समितीचे लोक त्याच्याकडे येतात. कृष्णनाथ एकाहत्तर वर्षांचा झाला आहे. पेट्या दुरुस्त करतो, पाट-पोळपाट करतो. दर बुधवारी सकाळी नऊच्या बसने तो डिचोलीला जातो, तिथून नार्व्याची बस धरतो, आणि दुपारी जेवायला घरी परत येतो.